तोंडी वा लेखी

१२ नोव्हेंबर २०२४, मंगळवार

आज आमची बिल्डिंग पाडायला सुरुवात झाली. पहिला घाव गच्चीवरच्या टाकीवर बसला. बायका रडत होत्या. मी रडणार नाही असं ठरवलं होतं, नाही रडले.

अठरा घरं, तीन मजले, बेचाळीस वर्षं. बोरीवली पश्चिमेला खाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावरची शेवटची सोसायटी. मागे लगेच कोळीवाडा. पाच बिल्डर आले आणि पाचही जण तोंडाला पानं पुसून गेले. शेवटी मीच हट्टाला पेटले, की बिल्डर नकोच, बँकेकडून कर्ज घेऊ आणि आपली बिल्डिंग आपणच बांधू. लोक हसले. टेलिफोन खात्यात तीस वर्षं लोकांच्या तक्रारी निस्तरल्यात, मला हसण्याचं काही वाटत नाही. तीन वर्षं सिटी सर्व्हे, तलाठी, रजिस्ट्रार करत चपला झिजवल्या. आज तीच माणसं 'सेक्रेटरीबाई' म्हणून हात जोडत होती. खोटं कशाला लिहू, छान वाटलं.

बँकेची शेवटची अट मालकीहक्काच्या विम्याची होती. उद्या जमिनीच्या मालकीत खोट निघाली, कोणी तिसराच उठून 'जागा माझी' म्हणाला, तर कोर्टाचा खर्च आणि नुकसान विमा कंपनी सोसणार. आठ पानी फॉर्म होता. गेल्या आठवड्यात मीच भरला. चेअरमन दिपेशभाई म्हणाले, "मेस्त्रीमॅडम, तुम्ही भरला म्हणजे बघायला नको," आणि न वाचता माझ्या सहीखाली सही केली.

नव्या बिल्डिंगला दोन विंग असतील. आमचं घर मागच्या विंगमध्ये, तिसऱ्या मजल्यावर, खाडीकडे तोंड करून. मी मागूनच घेतलं. एवढं केल्यावर एवढं तरी.

कमळ आली होती. आमची कोळीण, वीस-बावीस वर्षं दारावर मासे घेऊन येते. पाटी खाली ठेवून भिंती पडताना बघत होती. मग म्हणाली, "बाय, मागची विहीर पन बुजवनार काय गो?"

मी म्हटलं, "ते इंजिनिअरला माहीत."

मांदेली दिली. पैसे देऊ लागले तर म्हणाली, "आज नको."

१८ नोव्हेंबर, सोमवार

पॉलिसी आली. चकचकीत कागद, आतमध्ये मुंगीएवढी अक्षरं. सुबोधला दाखवली. त्याने नुसतं 'हं' केलं. नवऱ्याला कशाचं कौतुक म्हणून नाही.

७ जानेवारी २०२५, मंगळवार

पायाचं पायलिंग मागच्या बाजूने सुरू केलं. विहीर कालच भरून टाकली. त्या पट्टीत कोळीवाड्यातले लोक जाळी सुकवायचे, दोन बांबू कायमचे उभे असायचे. आता पत्रे ठोकलेत.

कमळ महिनाभर फिरकलेली नाही. आम्ही भाड्याने राहतो ती जागा दोनच गल्ल्या सोडून आहे, तिला माहीतही आहे. पलीकडच्या सोसायट्यांत येते म्हणे, आमच्या गल्लीत वळत नाही. असेल काही. माणसं उगाच रुसतात.

३ फेब्रुवारी, सोमवार

काम थांबलं.

साडेअकरा वाजता साइटवरून फोन आला. कोर्टाचा माणूस स्टे ऑर्डर घेऊन उभा होता. जाऊन बघते तर दावा कमळचा आणि तिच्या पुतण्याचा, विकीचा. म्हणणं असं, की विहीर आणि तिच्या बाजूची पट्टी कमळच्या सासऱ्याची. जुन्या सातबाऱ्यावर त्यांचं नाव होतं, पुढे सिटी सर्व्हेच्या नोंदी करताना ते गळलं. आपल्या वकिलांनी कागद तपासले ते तीस वर्षांपर्यंतच. हे त्याच्या आधीचं आहे.

वीस वर्षं जिच्याकडून मासे घेतले तिने कोर्टात जावं! माझ्याशी बोलायचं तरी.

दिपेशभाई घामाघूम. मी म्हटलं, "घाबरू नका. विमा कशासाठी काढलाय?" त्यांचा चेहरा सैल झाला. माझाही झाला असावा.

जेवताना सुबोध म्हणाला, "तो कागद कुठाय?"

"कुठला?"

त्याने माझ्याकडे बघितलं आणि ताटात आमटी वाढून घेतली.

११ फेब्रुवारी, मंगळवार

कंपनीकडे क्लेम दाखल केला. त्यांचे तपासनीस आले, चंद्रप्रकाश नावाचे. उत्तरेकडचे, पण मराठी स्वच्छ. सगळ्या फायली बघितल्या. माझ्या फायलींची तारीफ केली. मग सहज विचारावं तसं, "दावा करणाऱ्या बाई याआधी सोसायटीकडे कधी आल्या होत्या?"

मी म्हटलं, "रोज यायची. मासे विकायला."

हे खरंच आहे.

त्यांनी लिहून घेतलं. चहा अर्धा ठेवून गेले.

२४ फेब्रुवारी, सोमवार

मनात ठेवून ठेवून डोकं दुखायला लागलंय. इथे तरी लिहिते. ही वही कोणी वाचत नाही.

दोन हजार तेवीसचा श्रावण. कमळ पाटीशिवाय आली, त्यामुळे लक्षात राहिलं. बरोबर विकी, तिच्या तोंडी 'इकी'. हातात प्लास्टिकच्या पिशवीत जुना सातबारा आणि कोर्टाबाहेर बसणाऱ्या टायपिस्टकडून लिहून आणलेला अर्ज. कमळ म्हणाली, "मना वाचता येत नाय. इकीला पुरतं समजत नाय. तू सरकारी कामात होतीस, तू वाच आनि सांग." मी वरवर बघितलं. अर्धाच वाचला असेल. म्हटलं, "ठेव. वकिलांना विचारते."

विचारणारच होते. पण आठ दिवसांवर जनरल बॉडी होती. स्वतः बांधायचं की नाही याचं मतदान. पाच-सहा जण काठावर होते. अशा वेळी 'जमिनीवर कोणाचा तरी हक्क आहे' एवढं वाक्य पुरे होतं. सगळे पळाले असते परत बिल्डरकडे. म्हणून तेवढ्यापुरतं बाजूला ठेवलं. सोसायटीच्या फायलीत लावलं नाही, आवक रजिस्टरला नोंदवलं नाही. घरी ठेवलं, आमच्या कागदांत.

शिक्का मारून पोच दिली नाही, म्हणजे सोसायटीला नोटीस मिळाली असं होत नाही. तीस वर्षं खात्यात हाच नियम होता: नोंद नाही तर कागद नाही.

ती नंतर दोनदा विचारून गेली. मी म्हटलं, काम चालू आहे.

१९ मार्च, बुधवार

कंपनीचं पत्र आलं. क्लेम नामंजूर. पॉलिसीच रद्द.

पत्रात माझा मेसेज जसाच्या तसा छापलाय. २ सप्टेंबर २०२३, विकीने काहीतरी लेखी मागितलं म्हणून त्याच्या फोनवर पाठवलेला: 'कागद मिळाला. वकिलांना दाखवते. काळजी करू नका.' त्याने तो कोर्टात जोडला, तिथून कंपनीने उचलला. माझ्या फोनमधला केव्हाच पुसला गेलाय. फोनमधली जागा भरली होती तेव्हा पुसला असणार.

आणि त्याच्याखाली फॉर्ममधला अकरावा प्रश्न: 'या जमिनीवर वा तिच्या कोणत्याही भागावर कोणी तोंडी वा लेखी हक्क सांगितल्याचे आपल्या माहितीत आहे काय?' समोर माझ्या अक्षरात 'नाही'.

तोंडी वा लेखी. हे दोन शब्द मी भरताना वाचले नव्हते का? वाचले होते. तिथे पेन थांबलं होतं, हेही आठवतं. सुबोध आत कणीक मळत होता. मी म्हटलं, वर्षभरात ती काही बोलली नाही, म्हणजे तिनेच सोडून दिलं असणार.

२३ मार्च, रविवार

शाळेचा हॉल घेऊन सभा. सगळे एकदम बोलत होते. बँकेने पुढचा हप्ता अडवलाय. म्हणजे काम बंद, आणि सगळ्यांची भाडी त्या कर्जातूनच जात होती.

मी माईक घेऊन म्हटलं, "तो नोटीस म्हणावा असा कागद नव्हता. एक अर्ज होता, कोणाच्या नावाने ते धड कळत नव्हतं. कंपनीला पैसे द्यायचे नाहीत, म्हणून ही पळवाट."

टाळ्या पडल्या.

मग धाकूकाका उठले. चौऱ्याऐंशी वर्षांचे, गिरणी बंद पडल्यावर वॉचमनकी करून मुलं शिकवली. काठीवर रेलून म्हणाले, "आमच्या अनुपमाक कोणी काय बोलाचा नाय. ह्या पोरीन आमच्यासाठी उन्हातान्हात चपला झिजवल्यान. ती खोटा बोलाची नाय."

त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं. ठरलं ते असं, की कंपनीकडे फेरविचाराचा अर्ज करायचा आणि वकील लावायचा.

९ एप्रिल, बुधवार

वकील निशा. वय पस्तीसच्या आत. अंधेरीला ऑफिस, खिडकीबाहेर मेट्रो. मी आणि दिपेशभाई गेलो होतो. तिने समजावलं: विमा कंपनी जमीन बघायला येत नाही, आपण फॉर्मवर जे सांगतो त्याच्यावर भरवसा ठेवून धोका उचलते. म्हणून माहीत असलेली गोष्ट सांगणं हे आपलं काम. त्यांनी विचारल्यावर तर नक्कीच. "तुम्ही तेव्हा सांगितलं असतंत, तर त्यांनी फार तर ती पट्टी पॉलिसीतून वगळली असती. बाकीच्या जमिनीचं संरक्षण राहिलं असतं. कदाचित आर्किटेक्टनेच बिल्डिंग बारा फूट पुढे घेतली असती."

"बारा फूट पुढे म्हणजे?" मी विचारलं.

"मागची विंग छोटी झाली असती."

दिपेशभाईंनी माझ्याकडे बघितलं. ते कारण नव्हतं. मी तेव्हा प्लॅन बघितलासुद्धा नव्हता. निदान पक्का नव्हता बघितला.

निशा म्हणाली, "आता प्रश्न एकच. कागदात काय आहे हे तुम्हाला कळलं होतं का? मेसेजवरून कागद मिळाला एवढंच दिसतं. वाचला असं त्यात नाही. काय लिहायचं ते मी सांगणार नाही. तुम्हाला आठवतं ते सांगा."

खाली रिक्षासाठी उभे असताना दिपेशभाई म्हणाले, "मॅडम, वाचलाच नाही म्हणा ना. चष्मा नव्हता. पिशवीसकट ठेवून दिला, विसरलात. अठरा घरांचा सवाल आहे यार."

ते वाईट नाहीत. आईला डायलिसिसला नेतात आठवड्यातून तीनदा, चौथ्या मजल्यावरच्या बिनलिफ्टच्या भाड्याच्या घरातून.

२ मे, शुक्रवार

धाकूकाका गावी गेले. मुलाला भाडं झेपेना. तो बायकोमुलांसह नालासोपाऱ्याला एका खोलीत गेला, म्हाताऱ्याला कणकवलीला पुतण्यांकडे धाडलं. बोरीवलीहून बस होती. पोचवायला गेले. त्यांनी मला नव्या घराचा नकाशा दाखवला, घडी घालून घालून फाटलेला.

"बाथरूमात धरूक दांडो लावतले मा?"

म्हटलं, "लावणार, काका."

"मगे बरा. माका पडाची भीती वाटता."

बस सुटल्यावर बराच वेळ मी तिथेच उभी होते. एक जण म्हणाला, मावशी, बाजूला व्हा.

१५ मे, गुरुवार

आज कमळकडे गेले. कोणाला सांगितलं नाही, सुबोधलाही नाही. गल्लीत सुकवलेल्या बोंबलांचा वास, दारात बर्फाची पेटी. बावीस वर्षांत मी तिच्या घरी पहिल्यांदा गेले.

ती कोलीम, ती बारीक सुकी कोळंबी, निवडत होती. उठली नाही. बस म्हणाली.

मी म्हटलं, "कमळ, कोर्टात जाण्याआधी मला एकदा सांगायचंस तरी."

ती हसली. वाईट हसली. "सांगलं नाय? तुनाच तर सांगलं. घरी येऊन सांगलं. मंग दोन वेला विचारलं. तू बोललीस बघते. तू बघतेस म्हनून मी वकील केला नाय. इकी वरडत होता, मी बोलली, ती शिकलेली बाय हाय, आपली हाय, ती करंल. दोन पावसाले थांबली मी."

"मी अर्धाच वाचला होता गं."

"दोन वेला वाचलास. एकदा भराभर, आनि एकदा बोट ठेवून. मी तुझे डोले बघत होती."

पायाशी मांजर आलं होतं, त्याच्याकडे बघत बसले.

"तू तंवाच बोलली असतीस ना, नाय होनार म्हनून," ती म्हणाली, "तर मी चार शिव्या घातल्या असत्या, दोन दिस तुझ्या दारात आली नसती. मना सगली जागा नको होती. विहीर नको बुजवू आनि जाल्यांना जागा सोड, एवराच. माझा लगीन झाला तंवा त्या विहिरीचं पानी डोक्यावर घेतलं मी."

"मग आता तेवढं ठेवू. आपण दोघी बसून..."

"आता इकीच्या हातात हाय. त्यांनी पलीकरच्या बिल्डरबरोबर कागद केलाय. पट्टी सोरवली की त्याला देनार. मना कोन विचारतं आता."

निघताना तिने सवयीने पिशवीत कोलीम घालायला हात पुढे केला, आणि मग मागे घेतला.

घरी येऊन आमच्या कपाटातला तो कागद काढला. बोट ठेवून वाचावा अशी एकच ओळ आहे त्यात: 'सदर विहीर व लगतची जागा आजपावेतो आमच्या वहिवाटीत असून.' बाकी सगळं नमस्कार-चमत्कार. हो. त्याच ओळीवर बोट ठेवलं होतं.

१६ जून, सोमवार

प्रतिज्ञापत्र तयार झालं. 'सदर पिशवी मी उघडली नाही. चष्मा जवळ नसल्याने कागद वाचला नाही. नंतर माझ्या विस्मरणात गेले.' निशाने तीनदा विचारलं, "हे असंच आहे ना?" तिसऱ्यांदा विचारताना ती माझ्याकडे न बघता कागद सरळ करत होती.

सही केली. दिपेशभाईंनी माझे पाय धरायचेच बाकी ठेवले.

संध्याकाळी सुबोधला सांगितलं. तो म्हणाला, "त्या दिवशी चहा मी केला होता. तिघांना. कप ठेवताना तू चष्मा वर सरकवलास आणि मला म्हणालीस, जरा थांब, वाचतेय."

"मग तू सांगणार आहेस का हे?"

"मला कोण विचारतंय?" तो म्हणाला. "विचारलं तर खोटं बोलणार नाही. पण अनु, मी तेव्हाच का नाही बोललो, हे मला स्वतःला विचारायला लागलंय. फॉर्म भरतानाही मी घरातच होतो."

आम्ही दोघं बराच वेळ टीव्ही बघत बसलो. आवाज बंद होता हे नंतर लक्षात आलं.

४ जुलै, शुक्रवार

काही नाही. साइटवर पाणी साचलंय. सळया गंजून लाल झाल्यात. जाऊ नये तिथे, तरी जाते.

२२ जुलै, मंगळवार

वांद्र्याला कंपनीच्या ऑफिसात सुनावणी. मोठं टेबल, पलीकडे तीन जण, मधली बाई माझ्याहून निम्म्या वयाची. बाजूला चंद्रप्रकाश. आमच्याकडून निशा, दिपेशभाई आणि मी.

निशा चांगली बोलली. एका संदिग्ध मेसेजवरून अठरा कुटुंबांचं छप्पर काढून घेऊ नका म्हणाली. मला वाटायला लागलं, जमतंय. मधली बाई मान हलवत लिहून घेत होती.

मग ती माझ्याकडे वळली. कागदाबद्दल काही विचारलंच नाही. म्हणाली, "कमळबाई तुमच्या ओळखीच्या होत्या?"

"हो. बावीस वर्षं."

"सोसायटीत चेअरमन आहेत, खजिनदार आहेत. त्यांनी तो कागद तुमच्याकडेच का आणला?"

साधा प्रश्न. निशाने याची तयारी करून घेतली नव्हती. मी उत्तर देऊन मोकळी झाले, "तिला वाचता येत नाही. म्हणून माझ्याकडून वाचून घ्यायला आणला होता."

निशाचं पेन थांबलं. वाक्य तोंडातून गेल्यावर मला कळलं, की ज्या बाईने कागद वाचून घ्यायलाच आणला ती तो न वाचता ठेवू देईल कशी?

समोरची बाई घाईत नव्हती. "मग?"

दिपेशभाईंनी टेबलाखाली माझ्या पायाला पाय लावला. मी अजूनही म्हणू शकले असते, की पण चष्मा नव्हता. ते वाक्य पाठ होतं. तोंडाशी आलं होतं. आणि मला कमळ दिसली, प्लास्टिकची पिशवी दोन्ही हातांनी धरून आमच्या सोफ्याच्या अगदी कडेला बसलेली, मासे नसले तरी साडीने सोफा खराब होईल म्हणून.

"वाचला मी," मी म्हटलं. "दोनदा."

"आणि वाचून काय कळलं?"

"ती पट्टी त्यांची आहे हे कळलं. फॉर्म भरतानाही माहीत होतं. प्रतिज्ञापत्रात लिहिलंय ते खोटं आहे."

चंद्रप्रकाश खाली बघत होते. निशा हळूच म्हणाली, आम्हाला पाच मिनिटं द्या. पण पाच मिनिटांत करण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

लिफ्टमध्ये दिपेशभाई भिंतीकडे तोंड करून उभे होते. खाली पोचल्यावर म्हणाले, "तेव्हा नाही बोललात. आता बोललात. दोन्ही वेळा आम्हाला न विचारता."

मी स्टेशनकडे एकटीच चालत निघाले.

३१ जुलै, गुरुवार

नकार कायम. निशाने फोनवर वाचून दाखवला. खोट्या प्रतिज्ञापत्राबद्दल पुढे काय करायचं ते कंपनी ठरवेल म्हणे. म्हणाली, "तुम्ही खरं बोललात याचा मला राग नाही. पण माझ्या अशिलाचं नुकसान झालं, आणि माझी अशील सोसायटी आहे, तुम्ही नाही." बरोबर आहे तिचं.

वाटलं होतं, एकदा बोलून टाकलं की हलकं वाटेल. अजून तरी नाही वाटलं.

१० ऑगस्ट, रविवार

सभा. माझा राजीनामा मी द्यायच्या आधीच त्यांनी ठराव केला. किल्ल्या, शिक्का, बावीस फायली दिल्या. एकीने फायली घेताना माझ्या हाताला हात लागू दिला नाही. एक जण ओरडला, हिच्यावर केस करा. बाकीचे नुसते बसून होते. तेच जास्त लागलं.

दिपेशभाईंनी तोडगा मांडला. बँक तयार आहे, पण एका अटीवर: पट्टी सोडून द्यायची, विकीशी कोर्टात समझोता करायचा आणि पुढची एकच विंग बांधायची. बारा घरं होतील. मागच्या विंगमधल्या सहा घरांचं नंतर बघू, बाजूच्या प्लॉटचं जमलं तर. 'नंतर' म्हणजे काय, ते कोणी विचारलं नाही. सगळ्यांना ठाऊक होतं.

सहा नावं वाचली. पहिलं आमचं. ते बरोबरच झालं. चौथं धाकूकाकांचं.

मी हात वर केला. म्हटलं, काकांना पुढच्या विंगमध्ये घ्या, त्यांचं वय बघा. कोणीतरी म्हणालं, "कोणाचं काढून देऊ, मॅडम? तुम्ही सांगा नाव." मी हात खाली घेतला.

बारा विरुद्ध पाच. मी मत दिलं नाही.

११ ऑगस्ट, सोमवार

काकांना कळवायला हवं होतं. त्यांच्या मुलाची हिंमत होईना, दिपेशभाई म्हणाले मी नाही करणार. सकाळी मीच कणकवलीला फोन लावला. पुतण्याच्या मुलीने त्यांच्या हातात दिला. गावाला गेल्यापासून त्यांना ऐकू फारच कमी येतंय, ती म्हणाली, मोठ्याने बोला.

"काका, अनुपमा बोलतेय."

"कोण?"

"अनुपमा! सोसायटीची!"

"हां, हां, सेक्रेटरीन! घर झाला?"

"नाही काका. मला काहीतरी सांगायचंय. तो विमा मिळाला नाही. माझ्यामुळे. कमळने मला कागद दिला होता, मी लपवला."

"काय केलंस? नाय ऐकाक येणा."

मी खिडकीशी उभी होते. खाली इस्त्रीवाला, समोरच्या गॅलरीत कपडे वाळत घालणारी बाई. सुबोध स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

"मी लपवलं, काका! मला माहीत होतं, मी लपवलं! तुम्ही सभेत म्हणालात मी खोटं बोलणार नाही, तेव्हाही मी खोटंच बोलत होते!"

समोरची बाई हातातला कपडा तसाच धरून बघत राहिली.

फोनमध्ये बराच वेळ कोंबड्यांचा आवाज येत होता. मला वाटलं, फोन ठेवून उठले की काय. मग ते अगदी हळू, जवळ बसून विचारावं तसे म्हणाले, "मगे आता?"

"आता पुढचीच विंग होणार. मागची नाही."

"माझी खोली खयची गो?"

"मागची."

मग ते त्या मुलीला काहीतरी म्हणाले, ते मला नीट कळलं नाही. तिने फोन घेतला आणि सांगितलं, "आजोबा विचारतायत, तुमचं घर कुठल्या विंगमध्ये होतं?"

मी म्हटलं, मागच्याच.

तिने त्यांच्या कानाशी ओरडून सांगितलं. उत्तराची वाट बघत मी फोन धरून राहिले. शेवटी तीच म्हणाली, आजोबा अंगणात गेलेत, नंतर करा.